गावाकडे त्याला शिंका येत नव्हत्या

“ॲलर्जिक ऱ्हायनायटिस आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि सोहमच्या नाकावर मधोमध बोट ठेवून मला दाखवलं. “ही आडवी रेघ बघितली का? तळहातानं सारखं नाक वर चोळतो ना, त्यानं पडते.”

साडेचार वर्षांचं माझं लेकरू. रोज माझ्या हातानं त्याचं तोंड धुते, आणि ती रेघ मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. डोळ्यांखाली काळं पडलं होतं ते दिसलं होतं, पण मी समजत होते झोप कमी पडतेय.

ॲलर्जिक ऱ्हायनायटिस म्हणजे काय ते त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं. हवेतली एखादी साधीच गोष्ट, धूळ म्हणा, फुलांचे परागकण म्हणा, लेकराच्या शरीराला शत्रू वाटते. तिला बाहेर हाकलायला नाक वाहतं, शिंका येतात, डोळे खाजतात. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. म्हणून तर ताप नाही, नाकातलं पाणी पांढरं पातळ, आणि एवढ्या अँटिबायोटिकच्या बाटल्या संपवूनही फरक नाही.

मग त्यांनी वही पुढे ओढली. “वर्षात कधी जास्त होतं?”

“बारा महिने असंच,” मी म्हणाले.

“गावाला जाता ना? तिथं गेल्यावर कसा असतो?”

“तिथंही असंच,” मी म्हणाले.

दोन्ही उत्तरं खोटी होती. त्यातलं दुसरं तर मी ठरवून दिलं होतं. आज हे लिहायला बसले ते त्या खोट्यापायीच. माझ्यासारखी दुसरी कुणी आई तपासणीच्या खुर्चीत बसलेली असेल, तर तिनं हे वाचावं.

आम्ही मूळचे परभणीकडचे. लग्न होऊन चिखलीत आले. नवरा चाकणच्या एका कंपनीत, शिफ्टमध्ये. एक आठवडा पहाटे कंपनीची बस, एक आठवडा मी झोपल्यावर येणार, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात दिवसभर झोपणार. त्या आठवड्यात घरात कुकरची शिट्टीसुद्धा मी बोटानं धरून काढते. माणूस चांगला आहे, काही वाईट नाही, पण भेटला तर पाहिजे ना.

मी तशी फटकळ. माहेरी माझ्या तोंडाला सगळे भ्यायचे. इथं त्या तोंडाचा उपयोगच राहिला नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, शेजारचं दार कायम बंद, आणि खाली घरमालकीण काकू. त्या इथल्या जुन्या गावातल्या. त्यांच्याशी माझं बोलणं म्हणजे पाणी आलं का, पाणी गेलं का.

दिवसभर मला हाक मारणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे सोहम. “आई” म्हणून दिवसातून शंभरदा. कधी वैतागायचे, “काय आई आई लावलंय!” म्हणायचे. पण तो बालवाडीत गेला की मी त्या तीन तासांत घड्याळाकडे किती वेळा बघायचे ते माझं मला माहीत.

आता त्या खोट्यामागची गोष्ट.

सोहमला पोळ्याच्या सुमाराला सर्दी सुरू व्हायची. सकाळी उठला की लागोपाठ आठ-दहा शिंका. डोळे लाल, टाळू खाजते म्हणून जिभेनं कटकट आवाज करायचा. झोपला की तोंड उघडं. मी म्हणायचे पावसाळी सर्दी आहे, जाईल. हळद-दूध झालं, ओव्याची पुरचुंडी झाली, वाफ झाली. घराजवळच्या डॉक्टरांनी दिलेली औषधं झाली. सर्दी काही जाईना. थेट दिवाळी उलटली की आपोआप जायची आणि मीही विसरून जायचे. लागोपाठ दोन वर्षं असं झालं तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

मी सोहमला डॉक्टरबाईंकडे नेलं त्याच्या आदल्या वर्षीच्या दिवाळीला आम्ही गावी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी मला अंगणात बोलावलं. सोहम कोंबडीच्या मागं पळत होता. नाक कोरडं, तोंड मिटलेलं, एक शिंक नाही.

“बघ,” सासूबाई म्हणाल्या, “हितं आलं की लेकरू कसं खुलतंय. तुमच्या तिकडचं हवापाणी मानवत न्हाई त्याला. ठेवून जा माझ्यापाशी. हितं काय शाळा न्हाईत का?”

मी हसून वेळ मारून नेली. पण त्या विषय सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. वर्षभर फोनवर तेच. गेल्या गणपतीत सोहम पुन्हा शिंकायला लागला, ते त्यांनी फोनवर ऐकलं आणि म्हणाल्या, “दिवाळीला मी येते. बरा असला तर राहू दे. नसला तर संगट घेऊन जाते.”

नवराही म्हणाला, “आईकडंच तर राहणार आहे. बरा झाला की आणू की परत.”

“हो, आणू की,” मी म्हणाले आणि भांडी घासायला घेतली. भांड्यांचा आवाज जरा जास्तच झाला.

खरं सांगते, मला भीती वाटली. आजाराची नव्हे, त्या रिकाम्या दोन खोल्यांची. लेकराची काळजी होतीच, पण त्या काळजीच्या वर ही भीती बसली होती. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं. म्हणून संत तुकाराम नगरातल्या त्या दवाखान्यात, जिथं मी दोन बस बदलून, अडीच तास बाकावर बसून पोचले होते, तिथं डॉक्टरबाईंनी नेमकं तेच विचारलं आणि माझी जीभ सरळ खोट्याकडे वळली. “गावाला बरा असतो” असं मी म्हटलं आणि त्यांनीही “मग तिकडंच ठेवा” म्हटलं तर? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

डॉक्टरबाईंनी माझ्या उत्तरांवर विश्वास ठेवला. त्यांनी का ठेवू नये? बारा महिने आणि सगळीकडे त्रास, म्हणजे घरातल्या धुळीची ॲलर्जी असावी, असं त्या म्हणाल्या. गाद्या-उशांत डस्ट माइट म्हणून डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे असतात, त्यांची. नाकात मारायचा स्प्रे दिला, शिंकांवर एक सिरप दिलं. आणि म्हणाल्या, “अंथरूण-पांघरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा. कडक उन्हात वाळवा. पंधरा दिवसांनी या.”

हे ऐकून मला बरंच वाटलं. धुणं म्हणजे माझ्या हातातली गोष्ट. त्यात पितृपंधरवडा चालू होता, म्हणजे आमच्याकडे दसरा काढायचे दिवस. घट बसायच्या आधी घरातली चिंधीन् चिंधी धुऊन काढायची, डबे घासायचे, जाळी झाडायची. गोधड्या तर धुतल्याच पाहिजेत. माझ्याकडे पाच गोधड्या आहेत, सगळ्या आईच्या जुन्या लुगड्यांच्या. आई गेली, आता तेवढंच. सोहम त्यातल्या हिरव्या गोधडीशिवाय झोपत नाही.

इतर बायका एकदा दसरा काढतात. मी पंधरा दिवस रोज काढला. सकाळी गरम पाणी, गोधड्या पायानं तुडवायच्या, भिजलेलं ते धूड जिन्यानं वर न्यायचं आणि गच्चीच्या कठड्यावर टाकायचं. कंबरेचे टाके ढिले झाले. आमच्या इमारतीला लागून एक मोठा रिकामा प्लॉट आहे. घरमालकांच्या भाऊबंदांचं त्यावरून कोर्टात भांडण चालू आहे, म्हणून तिथं वर्षानुवर्षं कुणी फावडं लावलं नव्हतं. छातीइतकं गाजरगवत वाढलं होतं आणि त्यावर बारीक पांढरी फुलं आली होती. वरून बघितलं तर कुणी साबुदाणा सांडल्यासारखं दिसायचं. मला तर छान वाटायचं बघायला.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काकू गच्चीवर आल्या आणि म्हणाल्या, “आगं, गोधड्या त्या अंगाला नको घालू वाळत.”

मला वाटलं, भाडेकरणीच्या गोधड्या यांच्या कठड्यावर नकोत. मी म्हणाले, “का बरं? गच्ची सगळ्यांचीच आहे ना?”

“घाल बाई, घाल,” म्हणून त्या खाली गेल्या. त्यांना पुढे काही बोलायचं होतं ते मीच बोलू दिलं नाही.

सोहमचं मात्र वाढतच चाललं. स्प्रे वेळेवर, सिरप वेळेवर, गोधडी रोज धुतलेली, आणि शिंका आधीपेक्षा जास्त. डोळे चोळून चोळून पापण्या सुजल्या. मग कोरडा खोकला लागला. दिवाळी महिन्यावर आली होती. मी कॅलेंडरकडे बघायचे आणि आणखी एक गोधडी भिजवायचे.

ललितापंचमीच्या दिवशी दुपारी चार वाजता मी गच्चीवरून वाळलेल्या गोधड्या आणून दिवाणावर टाकल्या. सोहमला उन्हात तापलेल्या गोधड्यांत लोळायला आवडतं. लोळला, तोंड खुपसलं, आणि शिंका सुरू झाल्या. मग खोकला. मग तो एकदम गप्प झाला. मी वळून बघितलं तर तो बसून भरभर श्वास घेत होता, फासळ्यांमधली जागा आत ओढली जात होती, आणि श्वास सोडताना छातीतून शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता.

“आई,” म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्याला पुरं करता येईना.

नवरा दुसऱ्या पाळीला. कंपनीत फोन आत नेऊ देत नाहीत. सोहमला उचलून मी जिना उतरले आणि काकूंच्या दारावर लाथच मारली म्हणा ना, हात मोकळा नव्हता. त्यांनी सोहमकडे एकदा बघितलं आणि पायात चप्पलसुद्धा न घालता रस्त्यावर जाऊन रिक्षा उभी केली. माझ्याबरोबर बसल्याही. रिक्षावाल्याला सारख्या म्हणत होत्या, “भाऊ, चल रं, लेकरू हाय.”

डॉक्टरबाईंच्या त्याच दवाखान्यात लगेच आत घेतलं. तोंडावर मास्क लावून नेब्युलायझर दिलं. नेब्युलायझर म्हणजे औषधाची वाफ करून थेट श्वासातून देणारं यंत्र. पहिल्या खेपेला फारसा फरक नाही. दुसऱ्या खेपेनंतर शिट्टी कमी झाली. तेव्हा कुठं त्यानं माझी ओढणी सोडली. त्याच्या मुठीत ती इतका वेळ होती हे मला तेव्हा कळलं.

ओपीडी संपवून डॉक्टरबाई आमच्यापाशी आल्या. श्वासनळ्या आवळल्या गेल्या होत्या, ॲलर्जी नाकातून छातीत उतरली होती, असं त्यांनी सांगितलं. मग स्टूल ओढून बसल्या. “पंधरा दिवसांत वाढलं कसं? घरी काय नवीन केलंत?”

“गोधड्या धुतल्या,” मी म्हणाले आणि मला रडू फुटलं. रडता रडता सगळं सांगितलं. बारा महिने नसतं, पोळा ते दिवाळीच असतं. गावी गेला की दुसऱ्या दिवशी बंद होतं. मी खोटं बोलले. सासूबाई त्याला घेऊन जातील म्हणून बोलले. त्याच्याशिवाय मी घरात राहूच शकत नाही, हेही बोलून गेले. ते त्यांनी विचारलं नव्हतं.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “अहो, हे तर सगळ्यात महत्त्वाचं होतं. ठरावीक महिन्यांत होतं आणि जागा बदलली की थांबतं, म्हणजे धूळ नाही, हवेतलं काहीतरी आहे. तुमच्या घराच्या आसपास काय फुललंय?”

मी विचार करत होते तोवर दारात उभ्या काकू बोलल्या. “गाजरगवात. पिलाटभर माजलंय. आमच्या ह्यांच्या हाताला बी पुरळ उठतं त्यानं. मी हिला म्हणलं व्हतं, त्या अंगाला गोधड्या टाकू नको. हिला वाटलं मी भांडतीय.”

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. ओल्या गोधड्या त्या फुलांवर धरून मी रोज परागकण गोळा करत होते, आणि रात्री त्यातच लेकराला गुंडाळत होते. डॉक्टरांनी सांगितलेलं मी चोख केलं होतं. पण त्यांनी ते सांगितलं होतं माझ्या खोट्यावरून.

पुढे काही आठवड्यांनी, त्याचा श्वास मोकळा झाल्यावर, स्किन प्रिक टेस्ट केली. हातावर वेगवेगळ्या गोष्टींच्या अर्काचे थेंब टाकून सुईनं जरासं टोचतात आणि वीसेक मिनिटं थांबतात. ज्याची ॲलर्जी तिथं डासानं चावल्यासारखी गांधी येते. आधी काही दिवस शिंकांचं औषध बंद ठेवावं लागतं, तेही डॉक्टरांना विचारूनच. सोहमच्या हातावर धुळीच्या थेंबाला काहीच झालं नाही. गाजरगवताच्या थेंबाला टचकन गांधी आली.

पण ही टेस्ट नंतरची; श्वास अडकला त्या रात्री आम्ही दवाखान्यातच राहिलो. सकाळी निघताना मी डॉक्टरबाईंना भीत भीत विचारलं, “मग गावाकडं ठेवायला पाहिजे का?”

“कशाला?” त्या म्हणाल्या. “गाजरगवत काय तुमच्या गावात उगवणार नाही असं आहे? आज नसेल, उद्या येईल. लेकराला कुठं कुठं पळवाल? कधी होतं ते कळलं, कशानं होतंय त्याचा अंदाज आला. आता सांभाळता येतं.”

ज्या उत्तराला घाबरून मी पंधरा दिवस लेकराचे हाल केले, ते उत्तर हे होतं.

सांभाळायचं म्हणजे काय ते सांगते. हे माझ्या लेकराचं झालं, तुमच्या लेकराचं तुमच्या डॉक्टरांना विचारा. त्या दोन-तीन महिन्यांत आम्ही सकाळी खिडक्या बंद ठेवतो. कपडे, अंथरुणं घरातच दोरी बांधून वाळवतो. बाहेरून आला की कपडे बदलायचे, हातपाय, तोंड, डोळे धुवायचे. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, मग स्प्रे. छातीसाठी पंप, तोही स्पेसर लावून. स्पेसर म्हणजे मधे बसवायची प्लॅस्टिकची नळी, तिच्यामुळे लहान लेकराला औषध नीट ओढता येतं. “पंपाची सवय लागते” असं मला चार जणींनी सांगितलं. डॉक्टरबाई म्हणाल्या सवय लागत नाही, आणि मनानं बंद तर मुळीच करायचा नाही. आणि लेकरू भरभर श्वास घेत असेल, फासळ्या आत जात असतील, बोलता येत नसेल, ओठ काळेनिळे दिसत असतील, तर कुणाच्या शिफ्टची वाट बघू नका. शेजारचं दार वाजवा, लाथेनं वाजवलं तरी चालेल.

दिवाळीला सासूबाई आल्या. सोहमचं नाक तेव्हा बऱ्यापैकी कोरडं होतं, खोकला गेला होता. मला काही सांगायची गरज नव्हती. पण एका खोट्यानं एवढा मार दिला होता की दुसरं पोटात ठेवायची हिंमत नव्हती. सोहमला झोपवून आम्ही दोघी शंकरपाळे करत बसलो होतो तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. गावी त्याला बरं वाटतं हे मला माहीत होतं, तुम्ही नेऊ नये म्हणून मी लपवलं, त्यात त्याला दवाखान्यात ठेवायची पाळी आली.

मी बोलणी खायची तयारी ठेवली होती. त्या लाटत राहिल्या. एक पोळी लाटून झाली, कापून झाली. मग म्हणाल्या, “तुझे सासरे गेल्यापून घरात मला बी हाक मारणारं कुणी न्हाई, बाई. त्याच्या नाकाचं काय, मला निमित्त घावलं व्हतं.”

मी झारा हातात धरून तशीच बसले. कढईतला घाणा जळाला. एवढी वर्षं मी त्या बाईला घाबरत होते, आणि ती तिकडं माझ्यासारखीच घड्याळाकडे बघत बसलेली होती. दोघींनी मिळून ते जळके शंकरपाळे खाल्ले, टाकायचे कसे म्हणून.

यंदा गाजरगवताला फुलं यायच्या आधीच काकूंनी भाऊबंदांना दारात उभं करून सुनावलं, “भांडान कोर्टात ऱ्हाऊ द्या, गवात आधी काढा.” हातमोजे घालून, तोंडाला फडकी बांधून माणसांनी ते मुळासकट उपटलं. सगळंच गेलं नाही, रस्त्याकडेला आहेच. पोळ्याच्या दोन आठवडे आधी डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणे स्प्रे सुरू केला. गोधड्या मी मे महिन्यातच गावी नेऊन धुतल्या, पितृपंधरवड्यात हात लावला नाही. आणि सासूबाई श्रावण संपताच पिशवी घेऊन आल्या त्या अजून इथंच आहेत. खिडक्या लावून सोहमला घरात ठेवायचं म्हणजे एकटीचं काम नाही, असं त्यांचं म्हणणं. आमचं पटतं असं नाही. माझ्या भाजीत त्यांना मीठ कमी लागतं आणि त्यांचा टीव्ही मला मोठा लागतो. पण घरात आवाज आहे.

परवा तपासणीला तिघं गेलो. डॉक्टरबाईंना मी मनापासून नमस्कार केला, त्यांनी नेहमीप्रमाणे वही पुढे ओढली. छाती तपासली, स्वच्छ आहे म्हणाल्या. मग सवयीनं विचारलं, “मधे गावाला गेला होता का? तिथं कसा असतो?”

मी तोंड उघडायच्या आधी सासूबाईच बोलल्या.

“तिथं बरा असतो,” त्या म्हणाल्या, “पर ऱ्हातो हितंच. लिवा तसं.”